सूर सोडायचा कधी? : जुन्या बास गिटारचा आवाज लॅपटॉपवर आणताना

(बोललेल्या भागाचं शब्दांकन. जिथे क्लिप वाजली तिथे कंसात लिहिलंय. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

हा भाग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर आधी इअरफोन शोधा. खरंच. कारण आज ज्या आवाजाबद्दल बोलायचंय तो त्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेर येतच नाही. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. ४१.२ हर्ट्झ. मोबाइलच्या स्पीकरला एवढं खाली उतरणं जमत नाही. तरी आपल्याला बास ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्याच तारेतून ८२, १२४, १६५ असे वरचे सूरही निघत असतात आणि त्यांच्यावरून आपला मेंदू खालचा, गायब असलेला सूर स्वतःच जोडून घेतो. म्हणजे बास निम्मा तारेत वाजतो आणि निम्मा आपल्या डोक्यात.

मी मूळचा काटोलचा. नागपूर जिल्ह्यातलं संत्र्यांचं गाव. २०१२ च्या मे महिन्यात आमच्याकडे आकाशातून उल्कांचे दगड पडले होते, तेव्हा चार दिवस टीव्हीवर दिसलो, एवढीच आमची प्रसिद्धी. बीटेक नागपूरला केलं, आता पुण्यात सर्व्हरचा कोड लिहितो. संगीत शिकलेलो नाही. पण आमच्या घरात एक बास गिटारवाला होता, आणि ही सगळी भानगड त्याच्यामुळे झाली.

माझे काका. ऐंशीच्या दशकात ते एका ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. गणपती, शारदा, लग्नाचे रिसेप्शन. काटोल, नरखेड, सावनेर, कधी पार पांढुर्ण्यापर्यंत. गिटार कोलकात्याला बनलेली, चार तारांची, नागपूरहून आणलेली. तिची वायर जायची आहुजाच्या अँप्लिफायरमध्ये, त्यातच गायकाचा माईक, त्यातच अकॉर्डियनचा माईक. नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला. त्याच्यात डाव्या हाताने बास वाजवायची सोय होती. एक माणूस कमी झाला की वाटणीचे पैसे वाढतात, हे गणित सोपं आहे. काकांना कोणी काढलं वगैरे नाही. फक्त पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगायला कोणी आलं नाही. दोन वर्षांनी गिटार विकली आणि ते बागेत लक्ष घालायला लागले. आमच्या घरात त्यानंतर कीबोर्डला 'पेटी' म्हणतात, आणि तो शब्द कौतुकाने म्हणत नाहीत.

आता अलीकडची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालतात. डावा हात मात्र अजून मुठीत वळत नाही. मागच्या दिवाळीत ताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, माळ्यावर एक कॅसेट सापडली. १९८७ च्या गणपतीतला कार्यक्रम, कोणीतरी पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून घेतलेला. ताई म्हणाली, "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना, मग यात बाबांची गिटार ऐकू येईल असं कर."

(क्लिप १ : कॅसेट जशीच्या तशी. ढोलक, अकॉर्डियन, गर्दीचा आवाज.)

ऐकलं? ढोलक आहे, गायक आहे, एक लेकरू रडतंय. बास कुठे आहे? नाहीच. म्हणजे आहे, पण मांडीवरच्या टेपरेकॉर्डरने खालचं सगळं गिळून टाकलंय. बारकाईने ऐकलं तर एक 'ठुक्' 'ठुक्' जाणवतं, तेवढंच.

मी म्हटलं, सोपं आहे. वरचे सूर थोडेफार उरलेत, त्यांच्यावरून काका कुठला सूर वाजवत होते ते काढू, तोच सूर व्हर्च्युअल बास गिटारवर वाजवू आणि कॅसेटखाली भरू. एका शनिवार-रविवारचं काम. या वाक्यावर आमच्या टीममध्ये सगळे हसतात, कारण मी प्रत्येक कामाला हेच म्हणतो.

पहिली अडचण कॅसेट. ती जरा पुढे पळत होती, म्हणजे सगळे सूर चढे. किती चढे ते कशावरून ठरवायचं? मला वाटलं, टेपवर विजेची गुणगुण आलीय, ती ५० हर्ट्झची असते, तिच्यावरून मोजू. मग वाचलं की त्या काळात आपल्याकडे ग्रीडची फ्रिक्वेन्सीच बरीच वरखाली व्हायची. म्हणजे फूटपट्टीच रबराची. शेवटी अकॉर्डियन कामाला आलं, कारण त्याच्या पत्त्या काही गाण्यागणिक सूर बदलत नाहीत. त्यावरून टेप साधारण दोन टक्के जलद निघाली. तेवढी हळू केली आणि सूर जागेवर बसले.

दुसरी गोष्ट, व्हर्च्युअल बास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे दोन प्रकारचे असतात. एक सॅम्पलवाला : स्टुडिओत खरी बास गिटार घेऊन प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात असा अनेकदा वाजवतात, ती हजारो रेकॉर्डिंग एकत्र बांधतात, आणि आपण कीबोर्डची पट्टी दाबली की त्यातलं योग्य रेकॉर्डिंग वाजतं. स्पेक्ट्रासॉनिक्सचं ट्रिलियन, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्समधले स्कारबीचे बास या जातीचे. फुकटात हवं असेल तर अँपल साउंडचं एक लाइट व्हर्जन मिळतं, मी त्यानेच सुरुवात केली. दुसरा प्रकार गणितवाला : त्यात रेकॉर्डिंग नसतं, तार कशी हलेल याचं गणित चालू असतं. आयके मल्टिमीडियाचं मोडो बास तसं आहे.

या सगळ्यांनी ज्या गिटारची नक्कल केलेली असते ती बहुतेक वेळा एकच, फेंडरची प्रिसिजन बास. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात ती बाजारात आणली. त्याआधी बास म्हणजे माणसाएवढा उभा डबल बास. टॅक्सीत मावत नाही, ड्रमपुढे ऐकू येत नाही, आणि पट्ट्या नसल्याने सूर बोटाच्या अंदाजावर. फेंडरने पट्ट्या बसवल्या, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. आमच्या काकांची कोलकात्याची गिटारही लांबून तिच्याच घराण्यातली.

तर मी सूर लिहून काढले, प्लगिन लावलं, प्रत्येक सूर ग्रीडवर चोख बसवला, कॅसेटखाली भरलं आणि एका शनिवारी काटोलला गेलो. काका अंगणात बसले होते. हेडफोन लावले त्यांना.

(क्लिप २ : पहिला प्रयत्न.)

अर्धं मिनिट ऐकून त्यांनी हेडफोन काढला. म्हणाले, "हे कायचं वाजून राह्यलं बे? पेटीचा पाय दाबून ठेवल्यासारखं."

मी म्हटलं, "काका, सूर चुकलेत का?"

"सूर बरोबर हाये. पण तू सोडूनच नाही राह्यला. धरून बसला."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी तोंडाने करून दाखवलं. डुम्, डुम्-डुक्, डुम्. माझ्या मनगटावर उजव्या हाताच्या एका बोटाने ठोकत. आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या 'डुम्'नंतर एक छोटी शांतता आहे, आणि ती शांतता दर वेळी त्याच जागी येते. ढोलकची थाप पडते त्याच्या किंचित आधी. माझ्या फाइलमध्ये ती शांतता नव्हती. एक सूर संपला की दुसरा सुरू, मध्ये फट नाही.

यात माझ्यासारख्या लोकांची एक सवय आडवी येते. मिडी नावाची भाषा आहे, १९८३ पासून सगळी डिजिटल वाद्यं तीच बोलतात. तिच्यात एका सुरासाठी दोन निरोप जातात : नोट-ऑन आणि नोट-ऑफ. पट्टी दाबली, पट्टी सोडली. आपण सगळं डोकं नोट-ऑनवर खर्च करतो. कुठला सूर, किती जोरात, अगदी वेळेवर आहे का. नोट-ऑफ? तो जिथे पडला तिथे पडला. प्लगिन विकणारेही तारेचा सूर शेवटपर्यंत किती सुंदर घुमतो हेच ऐकवतात. पण जुन्या गाण्यांतला बास घुमत नाही. तो बसतो आणि उठतो.

का ते पाहू. इथून मी जरा लांब जातो, डेट्रॉइटपर्यंत, कारण या आवाजाचा सगळ्यात मोठा धडा तिथे आहे.

जेम्स जेमरसन. साठच्या दशकात मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत याचा बास आहे. त्याची गिटार १९६२ ची प्रिसिजन. तारा चपट्या गुंडाळीच्या, म्हणजे ज्यांच्यावर गोल वायरऐवजी पट्टी गुंडाळलेली असते. त्यांचा वरचा चकचकीत आवाज कमी असतो. आणि तो त्या तारा बदलायचाच नाही. जुनी, मळकी तार, तिच्यात आणखी थोडी चमक मरते. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजची पट्टी, ती तारेला टेकलेली, त्यामुळे सूर लवकर विझतो. आणि उजव्या हाताचं एकच बोट. तर्जनी. सगळं तिनेच वाजवायचा.

म्हणजे बघा, आपण ज्याला 'क्लासिक बासचा आवाज' म्हणतो तो कमी केलेला आवाज आहे. चमक कमी, घुमारा कमी. आणि आपल्या प्लगिनमध्ये काय असतं? कोऱ्या तारा, उत्तम स्टुडिओ, दहा सेकंद चालणारा सूर. त्यावर इक्वलायझर कितीही फिरवा, सूर लांबच राहतो.

आणखी एक. मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती. जेमरसनचं नाव पहिल्यांदा ठळकपणे आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमवर. तोवर त्याचा आवाज जगभर पोचला होता आणि माणूस कोणाला माहीत नव्हता. १९८३ मध्ये तो गेला, त्याच्या थोडं आधी ती गिटारही चोरीला गेली होती.

आपल्याकडेही तेच. काका ज्यांची गाणी वाजवायचे ते पंचम, आर. डी. बर्मन. त्यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ. गोव्याकडची ही मंडळी, मुंबईच्या सिनेसंगीतातला केवढा मोठा भाग त्यांनी वाजवलाय. आमच्या काटोलच्या ऑर्केस्ट्रात तो बास रोज वाजत होता आणि काकांनी टोनी वाझ हे नाव पहिल्यांदा ऐकलं माझ्याकडून, गेल्या वर्षी. म्हणाले, "असं होय. मी तर पंचमदाच वाजवतात असं धरून चाललो होतो."

पंचमच्या गाण्यांतला बास नीट ऐकायचा तर तो तबल्याच्या डग्ग्यासोबत ऐका. डग्ग्याचा घुमारा आणि बासचा खालचा सूर एकाच पट्ट्यात राहतात. आता कल्पना करा, ताडदेवचं फिल्म सेंटर, सगळे वादक एकाच वेळी वाजवतायत, आणि शेवटी सगळं जाऊन पडणार एका मोनो ट्रॅकवर. डावं-उजवं काही नाही. तिथे मारुतीराव कीर तबल्यावर असतील आणि बासवाला सूर धरून बसला, तर दोघांचा मिळून चिखल होईल. म्हणून बासवाला डग्ग्याला जागा करून देतो. सूर लावतो, उचलतो, डग्गा बोलतो, परत लावतो. आजच्या मिक्सिंगमध्ये हेच काम करायला साइडचेन कॉम्प्रेसर लावतात, ड्रम वाजला की बास आपोआप दबतो. तेव्हाचा साइडचेन बोटात होता. हे माझं मत आहे, कोणी ध्वनिमुद्रक ऐकत असेल तर भांडायला यावं.

मशीनने बास गिटारची जागा घ्यायची हा प्रयोग काही आपल्या लॅपटॉपपासून सुरू झाला नाही. १९८१ मध्ये रोलंड कंपनीने एक छोटी चंदेरी डबी आणली, टीबी-३०३. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बास. एकटा गिटारवाला घरी सराव करत असेल तर मागे बास वाजवायला. ती बास गिटारसारखी अजिबात वाजली नाही, आणि १९८४ पर्यंत तिचं उत्पादनही थांबलं. पण मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे. त्यांनी ही डबी घेतली आणि १९८२ मध्ये ती वापरून भैरव, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. रेकॉर्ड तेव्हा फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परत निघाली तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोत पुढे जे अ‍ॅसिड हाउस संगीत गाजलं त्याच्यासारखं हे वाजत होतं, त्याच्या काही वर्षं आधी. त्यांनी त्या डबीकडून बास गिटार व्हायची अपेक्षाच केली नाही, म्हणून ते जमलं. मला मात्र नेमकी बास गिटारच हवी होती. तीही एका विशिष्ट माणसाची.

तर परत कामावर. मी सॅम्पलवालं प्लगिन बाजूला ठेवलं आणि मजेखातर स्वतः तार लिहिली. १९८३ मध्ये केविन कार्पलस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी एक पद्धत छापली, ती इतकी सोपी आहे की बोलूनच सांगता येते. एक रांग घ्या आकड्यांची. जाड तारेचा सूर हवा असेल तर रांग किती लांब? सीडी दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० आकड्यांचा, भागिले ४१.२, म्हणजे सुमारे १०७० आकडे. त्या रांगेत कसेही, वाट्टेल ते आकडे भरा. तीच तार छेडणं. आता रांगेतला पुढचा आकडा वाजवा, त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची सरासरी काढा, ती रांगेच्या शेवटी नेऊन ठेवा. हेच करत राहा. बस. सरासरीमुळे टोकदार चढउतार आधी मरतात, गोल चढउतार टिकतात, आणि खरी तारही अगदी अशीच विझते : चमक आधी जाते, खालचा सूर मागे राहतो.

(क्लिप ३ : वीस ओळींच्या पायथॉनमधून निघालेली तार.)

वीस ओळी! मी रात्री दीड वाजता हे पहिल्यांदा ऐकलं आणि रूममेटला उठवलं. त्याचं मत छापण्यासारखं नाही.

याचा फायदा असा की प्रत्येक गोष्टीचं बटण तुमच्या हातात येतं. सरासरी काढताना दर वेळी थोडं कमी करा, की झाला जेमरसनचा स्पंज. सुरुवातीचे आकडे आधीच गुळगुळीत करून भरा, की नखाऐवजी बोटाच्या मांसाने छेडल्यासारखं वाटतं. छेडायची जागा बदला. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम स्वर जवळपास निघतच नाहीत, आवाज पोकळ होतो. ब्रिजजवळ छेडली तर कडक. पिकअपचंही तसंच : तारेच्या एक चतुर्थांशावर पिकअप असेल तर चौथा आणि आठवा वरचा सूर त्याला ऐकूच येत नाही. काका म्हणाले की ते गळ्याकडे, म्हणजे पट्ट्या संपतात तिथे वाजवायचे, म्हणून मी छेडायची जागा तिथे नेली. आणि कडक चपट्या तारा होत्या का, असं विचारलं तर म्हणाले, "ज्या आल्या त्या होत्या. तुटली तं दुसरी लावायची. नाही तुटली तं तीच." म्हणजे जेमरसनचीच पद्धत, कारण मात्र वेगळं.

आहुजाचा अँप्लिफायर राहिला. तो बासासाठी बनलेला नव्हता, भाषणासाठी होता. जोर लावला की आवाज थोडा फाटायचा. ते मी हलकं सॅच्युरेशन लावून आणलं. याने गंमत होते : फाटताना वरचे सूर वाढतात, आणि सुरुवातीला म्हटलं तसं, वरच्या सुरांवरूनच डोकं खालचा सूर ऐकतं. त्यामुळे मैदानातल्या चोंग्यावरही काकांचा बास लोकांना कळत असणार. यात माझं काही कौशल्य नाही, तो अँप्लिफायरचा दोषच होता.

आता उरला नोट-ऑफ. तो मी हाताने करून पाहिला. प्रत्येक सूर साठ टक्क्यांवर कापला. वाईट, शिलाई मशीनसारखं. मग थोडं इकडे तिकडे, सॉफ्टवेअरला सांगून यादृच्छिक. आणखी वाईट, दारू प्यायलेल्या शिलाई मशीनसारखं. कारण काकांची फट यादृच्छिक नव्हती. ती कशाला तरी उत्तर देत होती आणि ते 'कशाला' मला ऐकू येत नव्हतं.

मग ताईने सुचवलं, "त्यांनाच वाजवू दे ना."

मी म्हटलं, डावा हात? ती म्हणाली, "तुझ्या पेटीला डावा हात लागतो का?"

हे मी आठवडाभर मनातच ठेवलं. काकांसमोर मिडी कीबोर्ड ठेवायचा म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ज्या वस्तूने ते घरी बसले तीच वस्तू. शेवटी मी तो २५ पट्ट्यांचा, हातभर लांबीचा कीबोर्ड दिवाणावर ठेवला आणि आतल्या खोलीत चहा करायला गेलो. पळून गेलो म्हणा. परत आलो तेव्हा ते त्याच्याकडे बघत होते. म्हणाले, "हे लहानसं पिल्लू हाये वाटते तिचं."

मी एक युक्ती केली. सूर आधीच लिहिलेले होते, ते रांगेत लावले. काकांनी कुठलीही एक पट्टी दाबली की रांगेतला पुढचा सूर सुरू होणार, सोडली की थांबणार. म्हणजे डाव्या हाताचं सूर शोधायचं काम मशीनचं, आणि कधी लावायचा, कधी सोडायचा ते त्यांचं. चाळीस ओळींची स्क्रिप्ट.

पहिला प्रयत्न फसला. दोन ओळी झाल्या आणि ते थांबले. "उशिरा येऊन राह्यला आवाज." मी म्हटलं, नाही काका, तुम्हाला सवय नाही म्हणून. "मले सांगतो का तू? मी आत्ता दाबलं, तो मंग येते." आणि ते बरोबर होते. मी हुशारी करून ब्लूटूथ स्पीकर लावला होता. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा जास्त सहज लागतो. वायर लावली. तरी म्हणाले, "अजून हाये थोडा." सेटिंग पाहिलं तर बफर १०२४ होता, म्हणजे २३ मिलिसेकंद. तो १२८ वर आणला, तीन मिलिसेकंदांच्या आत. मग मान हलवली.

मी रोज ऑफिसात सर्व्हर किती मिलिसेकंदात उत्तर देतो ते ग्राफवर बघतो. २३ मिलिसेकंद बोटाला कळतात हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग त्यांनी वाजवलं. हेडफोनमध्ये १९८७ चं मैदान, ढोलक, ते रडणारं लेकरू, आणि उजव्या हाताची तर्जनी. एकच बोट. तिसऱ्या वेळी पूर्ण गाणं झालं. मध्ये दोनदा बोट थकलं असं मला वाटलं, पण थांबवलं नाही.

(क्लिप ४ : तेच गाणं, काकांच्या नोट-ऑफसकट.)

इअरफोनवाल्यांनी ऐकलं असेल. आवाज तोच आहे, माझी तीच तार, क्लिप २ मधलेच सूर. दुसऱ्या ओळीनंतर ढोलकच्या आधी जी फट पडते ती ऐका. क्लिप २ मध्ये ढोलक मागे होता, इथे तो पुढे आलाय. मी ढोलकचा आवाज एका डेसिबलनेही वाढवलेला नाही.

रात्री मी फाइल उघडून पाहिली. स्क्रीनवर प्रत्येक सूर एक छोटी पट्टी म्हणून दिसतो. काकांच्या पट्ट्यांची सुरुवात ग्रीडच्या रेषांवर फारशी नाही. शेवट मात्र एका ओळीत होते, जणू कोणी फूटपट्टी लावलीय. ढोलकच्या थापेच्या बरोबर आधी. मी दोन जागा शोधल्या, जिथे बोट थकलं वाटलं होतं आणि सूर स्पष्ट उशिरा आले होते. त्या तेवढ्या नीट केल्या. फार नाही, रेषेवर ओढल्या.

सकाळी त्यांना ऐकवलं. पहिल्या जागेला काही बोलले नाहीत. दुसऱ्या जागेला हात वर केला.

"इथं काय केलं तू?"

मी सांगितलं, तुम्ही मागे पडला होता, जागेवर आणलं.

"मी नाही पडलो मागं. तो ढोलकवाला पळते तिथं. दर गाण्यात पळे तो, अंतरा आला का. त्याले धरून ठेवा लागे."

मी कॅसेट परत लावली, एकटी, बासाशिवाय. खरंच, अंतऱ्याच्या तोंडाशी ढोलक पळतो. आणि दोन मात्रांत परत जागेवर येतो. सदतीस वर्षं त्या टेपवर तो स्वतःहून सावरल्यासारखा वाटत होता. त्याला सावरणारा माणूस टेपवर आलाच नव्हता.

ती जागा मी पूर्ववत केली. पहिली जागा तशीच आहे, तिच्याबद्दल त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

तारेचा कोड आणि ती चाळीस ओळींची स्क्रिप्ट हवी असेल तर कळवा, देतो. मात्र बफर १२८ वर ठेवा आणि वायर लावा. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अजून तीन गाणी आहेत. काकांनी निरोप दिलाय की पुढच्या वेळी येताना ते पिल्लू नको, मोठी पेटी आण, याच्या पट्ट्या बोटाला बारक्या पडतात.